बिनकाट्याची मासोळी

नागपूरहून येताना बाटली आणली मी,
साठ गोळ्यांची, सहाशे चाळीस रुपयांची.
मेडिकलवाल्याने विचारलं, कोणासाठी?
म्हटलं, बाबांसाठी.
काय करतात बाबा?
मी सुटे पैसे मोजत राहिले.

ढिवराच्या पोरीने
मासोळीचं तेल विकत आणलं
हे आईला दोनदा सांगावं लागलं.
मग ती इतकी हसली
की चुंबळ डोक्यावरून घसरून गळ्यात आली.

बाबा खुर्चीत. प्लॅस्टिकची, लाल,
मागचा पाय तारेने बांधलेला.
मत्स्य संस्थेचे सचिव झाल्यापासून
तलाव त्यांच्या वहीत असतो:
बीज किती सोडलं, लीज किती भरली,
कतला किती, रोहू किती.
त्यांचा डोंगा पाळीवर पालथा,
त्याच्या पोटाखाली कुत्री व्यालेली.

रविवारी उपकेंद्रातला वजनकाटा घरी आणला.
बाबा चढले.
गळावरची मोरपिसाची काडी थरथरावी
तसा काटा थरथरला,
चौऱ्याण्णववर बसला.
"काटा बिगडला तुजा, बाई."
आई चढली. एकेचाळीस.
काटा बरोबर होता.

रक्ताचा कागद पुढच्या आठवड्यात आला.
डॉक्टर मॅडमनी एका आकड्याभोवती गोल केला:
तीनशे अठ्ठ्याऐंशी.
म्हणाल्या, तेलाच्या गोळीने हा उतरेल कदाचित,
हृदयाचं मात्र मी लिहून देणार नाही.
कोणाला फायदा दिसतो, कोणाला नाही,
कोणाची धडधड उलट बिघडते.
आणि तीन वेळचा भात, ती खुर्ची?
त्यावरची गोळी निघाली की कळवते.

बाबांनी गोळी उन्हात धरली.
आत पिवळं काहीतरी हललं.
"कोनती मासोळी?"
बाटलीवर थंड समुद्रातलं एक नाव होतं,
त्यांना उच्चारता आलं नाही, मलाही.
पाण्यावरच्या बुडबुड्यावरून
खाली वाघूर की मरळ सांगणारा माणूस,
त्याने ती जिभेवर ठेवली, तांब्याभर पाणी प्याला
आणि दुपारपर्यंत ढेकर देत राहिला.
"डोकं नाई, रस्सा नाई,
चोखाले काटा नाई.
मासोळी कायची मंग?"

आईने एक गोळी सुईने टोचली,
बोट नाकाशी नेलं.
"शिळी हाय," म्हणाली,
चाळीस वर्षं बाजारात बसलेल्या आवाजात.
मी वास घेतला. मला कळलं नाही.
मी मुदतीची तारीख वाचून दाखवली.

मग झनकचा पाय मोडला
आणि रात्री कोणी तलावात चोरून जाळं टाकलं.
बाबांनी डोंगा उलटवला,
पिल्लं एकेक करून आईच्या टोपलीत ठेवली,
बांबू घेतला, बसले.
पाणी काठापाशी आलं, चार बोटं खाली,
तीन, दोन.
मी पाळीवर, आवाज बसलेला.
बाबा कितीतरी वेळ हलले नाहीत,
नुसते त्या दोन बोटांकडे बघत.
मग हळूच उतरले, कमरेएवढ्या पाण्यात,
आणि म्हणाले, "हा काटा नाई बिगडत."

तेव्हापासून पहाटे पाळीवरून चालतात.
सांडव्यापर्यंत, मग आंब्यापर्यंत,
मग मला दिसत नाही कुठपर्यंत.
आई दुसऱ्यांदा भात वाढत नाही,
जवसाची चटणी वाढते आणि उठून जाते.
गोळ्या कधी घेतात, कधी विसरतात.

तीन महिन्यांनी आकडा दोनशे ऐंशी.
कशाने उतरला,
मॅडमनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही,
मला माहीतही नव्हतं.
वहीत "औषध घेतले का" या रकान्यात
मी "हो" लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

काल रात्री त्यांच्या छातीला नळी लावली.
डोंग्याच्या तळाला टाकलेली मरळ
आपटत राहते, थांबते,
आता गेली म्हणावं
तर पुन्हा आपटते,
तसं काहीसं.
"काय म्हनते?" बाबांनी विचारलं.
मी बोट ओठांवर ठेवलं.
बाटलीत अजून एकोणीस आहेत.